ऑपरेशननंतर आतड्याचा कर्करोग पुन्हा आला तर : औषधांनी किती आयुष्य मिळते?



मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे ऑपरेशन झाले, टाके वाळले, माणूस पुन्हा कामावर जाऊ लागला. वर्ष-दीड वर्षाने रक्ताच्या तपासणीत आकडा वाढलेला निघतो किंवा सिटी स्कॅनमध्ये यकृतावर डाग दिसतो. मग घरात दोन प्रकारचे सल्ले येऊ लागतात. एक जण म्हणतो, "पुन्हा आला म्हणजे संपले, आता दवाखान्यात पैसे घालू नका." दुसरा म्हणतो, "एक मोठे इंजेक्शन आहे, खोली विका पण ते द्या." पहिल्या सल्ल्याने उपचाराने बरा होऊ शकणारा माणूस घरी बसून जातो. दुसऱ्या सल्ल्याने माणूसही जातो आणि मागे राहिलेली मुले कर्जात बुडतात. या दोन्ही सल्ल्यांपलीकडे खरे काय आहे, ते या पाठात पाहू.

आजार पुन्हा येतो म्हणजे काय होते?

ऑपरेशनमध्ये डॉक्टर डोळ्यांना दिसणारी गाठ, तिच्या दोन्ही बाजूंचे आतडे आणि जवळच्या लसिकाग्रंथी काढतात. पण काही पेशी त्याआधीच रक्तातून निसटलेल्या असू शकतात. त्या इतक्या थोड्या असतात की कोणत्याही स्कॅनमध्ये दिसत नाहीत. आतड्याचे रक्त प्रथम यकृताकडे जाते, म्हणून या पेशी बहुतेक वेळा यकृतात रुजतात. त्यानंतर फुप्फुस, पोटाचा आतला पडदा, आणि गुदाशयाचा कर्करोग असेल तर ओटीपोटातली जुनीच जागा. अशा वेळी यकृतात दिसणारा आजार हा "यकृताचा कर्करोग" नसतो. तो आतड्याचाच कर्करोग असतो, फक्त जागा बदललेली असते. म्हणून औषधेही आतड्याच्या कर्करोगाचीच दिली जातात.

पुन्हा येणाऱ्या आजारांपैकी बहुतेक पहिल्या तीन वर्षांत येतात. पाच वर्षांनंतर येणे फारच कमी. म्हणून तपासण्यांचे वेळापत्रक त्याप्रमाणे असते : पहिली दोन-तीन वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी डॉक्टरांची भेट आणि रक्तातील सीईए ही तपासणी, डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे सहा महिन्यांनी किंवा वर्षाने सिटी स्कॅन, आणि ऑपरेशननंतर साधारण एका वर्षाने दुर्बिणीची तपासणी. "आता काही त्रास नाही, मग रोजंदारी बुडवून कशाला जायचे?" असे अनेकांना वाटते. पण यकृतातला डाग लहान असताना दुखत नाही. दुखू लागतो तोवर तो ऑपरेशनच्या पलीकडे गेलेला असू शकतो. त्रास नसताना केलेली तपासणीच उपयोगाची असते.

पुन्हा येऊ नये म्हणून दिलेली औषधे

ऑपरेशननंतरच्या किमोथेरपीचा हेतू निसटलेल्या पेशी मारणे हा असतो. गाठीच्या जवळच्या लसिकाग्रंथीत आजार गेलेला असेल तर त्याला तिसरा टप्पा म्हणतात, आणि या टप्प्यात किमोचा फायदा स्पष्ट सिद्ध झाला आहे.

या औषधांतले सर्वांत जुने म्हणजे ५-फ्ल्युओरोयुरॅसिल, थोडक्यात ५-एफयू. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात चार्ल्स हायडेलबर्गर यांनी १९५७ मध्ये ते पुढे आणले. कर्करोगाच्या पेशींना वाढण्यासाठी लागणारा एक घटक आहे. त्याच्यासारखीच दिसणारी पण आतून निराळी अशी ही नकली वीट. पेशी ती उचलते आणि तिचे बांधकाम अडते. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात तिसऱ्या टप्प्याच्या रुग्णांना हे औषध लेव्हामिसोलबरोबर दिले, तेव्हा आजार पुन्हा येण्याचा धोका ४१ टक्क्यांनी आणि मृत्यूचे प्रमाण ३३ टक्क्यांनी घटले.

पुढे त्याला ऑक्सालिप्लॅटिनची जोड मिळाली. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोझेक या अभ्यासात २,२४६ रुग्ण होते. तीन वर्षांनंतर आजारमुक्त असलेले रुग्ण नुसत्या ५-एफयूच्या गटात शंभरात सुमारे ७३ होते, तर ऑक्सालिप्लॅटिन जोडलेल्या गटात ७८. म्हणजे शंभरात पाच माणसे जास्त आजारमुक्त राहिली. हा आकडा लहान वाटतो, पण ते पाच जण कोणाचे तरी आईवडील असतात.

२०१८ मध्ये सहा अभ्यास एकत्र करून १२,८०० हून अधिक रुग्णांचा हिशोब मांडला गेला. त्यातून असे दिसले की तिसऱ्या टप्प्यातील कमी धोक्याच्या रुग्णांना कॅपेसिटाबिनच्या गोळ्या आणि ऑक्सालिप्लॅटिन यांची जोडी तीन महिने दिली तरी जवळपास सहा महिन्यांइतकाच फायदा होतो, आणि हातापायांच्या नसांना होणारा त्रास बराच कमी राहतो. त्यामुळे "शेजारच्याला सहा महिने दिले, आपल्याला तीनच का?" असे वाटले तर घाबरू नये. डॉक्टरांना कारण विचारावे. मात्र ठरलेला कोर्स स्वतःहून मध्येच सोडू नये.

पुन्हा आला तर पहिला प्रश्न : तो काढता येईल का?

आजार पुन्हा आला की घरचे लोक प्रथम औषधाचे नाव विचारतात. खरा पहिला प्रश्न वेगळा आहे : "हा डाग ऑपरेशनने काढता येईल का?"

यकृत हा अवयव कापल्यानंतर पुन्हा वाढतो. म्हणून यकृतात एक किंवा मोजकेच डाग असतील आणि पुरेसे निरोगी यकृत मागे राहणार असेल, तर ते काढता येतात. यकृतात पसरलेल्या रुग्णांपैकी साधारण पाचात एकाला हे शक्य होते. अशा ऑपरेशननंतर पाच वर्षांनी शंभरातले सुमारे चाळीस रुग्ण जिवंत असतात, आणि काही जण कायमचे बरे होतात. फुप्फुसातले मोजके डागही असेच काढता येतात. काही वेळा डाग आज मोठे असतात, पण दोन-तीन महिन्यांच्या किमोने आकसतात आणि मग काढता येतात. म्हणून "चौथा टप्पा, घरी न्या" असे कोणी म्हटले, तरी यकृताचे ऑपरेशन करणारे डॉक्टर असलेल्या मोठ्या रुग्णालयात एकदा स्कॅन दाखवल्याशिवाय तो शब्द शेवटचा मानू नये.

यकृताच्या ऑपरेशननंतर पुन्हा किमो घ्यावी का? येथे विज्ञानाने आपल्याला एक चांगला धडा दिला आहे. जपानमध्ये तीनशे रुग्णांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, यकृताच्या ऑपरेशननंतर किमो घेतलेल्यांमध्ये आजार परत येण्यास वेळ लागला. पण एकूण जगण्यात फायदा दिसला नाही; पाच वर्षांनी जिवंत असलेल्यांचे प्रमाण केवळ ऑपरेशन केलेल्या गटात अधिकच होते. यावरून हे शिकावे की "डाग दिसत नाही" आणि "माणूस जास्त जगला" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डॉक्टरांनी एखादे औषध सुचवले की विचारावे : "याने आजार लांबतो की आयुष्य वाढते?"

काढता येत नसेल तर औषधांनी किती आयुष्य मिळते?

आकडे समजण्याआधी एक शब्द समजून घ्या : मध्यक. समजा, एकाच आजाराचे शंभर रुग्ण एकाच दिवशी उपचार सुरू करतात. त्यातील पन्नासावा रुग्ण ज्या महिन्यात जातो, तो महिना म्हणजे मध्यक. उरलेले पन्नास त्यापुढेही जगतात. काही थोडे, काही अनेक वर्षे. म्हणून "मध्यक तीस महिने" याचा अर्थ "तीस महिन्यांनी मृत्यू" असा नाही. कोणत्याही एका माणसाची तारीख या आकड्यातून निघत नाही.

आता औषधांच्या पायऱ्या पाहा.

केवळ त्रास कमी करणारे उपचार घेतलेल्या, पसरलेल्या आजाराच्या रुग्णांचा मध्यक जुन्या अभ्यासांत सुमारे ८ महिने होता. साधी किमो दिल्यावर तो सुमारे १२ महिन्यांपर्यंत गेला.

त्यानंतर इरिनोटेकॅन आले. ५-एफयू आणि इरिनोटेकॅन या जोडीने २००४ च्या एका अभ्यासात मध्यक १५.६ महिने होता. त्याच अभ्यासात दुसऱ्या गटाला बेव्हॅसिझुमॅब हे जोड औषध दिले. गाठीकडे नव्या रक्तवाहिन्या वाढतात, त्यांची वाढ हे औषध रोखते; म्हणजे गाठीचा पाणीपुरवठाच कमी करते. त्या गटाचा मध्यक २०.३ महिने झाला.

आज पहिली पायरी, दुसरी पायरी, मधली विश्रांती अशा नियोजनाने उपचार केले, तर मोठ्या अभ्यासांत मध्यक २९-३० महिन्यांपर्यंत पोहोचला आहे. अर्थात अभ्यासात घेतलेले रुग्ण बहुधा तब्येतीने बरे असतात. अंथरुणाला खिळलेल्या, फार अशक्त झालेल्या माणसाला तेवढाच फायदा होईल असे नाही. उलट कडक किमोने त्याला अपायही होऊ शकतो. त्यामुळे रुग्ण किती चालतो, किती खातो, स्वतःची कामे स्वतः करतो का, हे डॉक्टर पुन्हापुन्हा विचारतात. उत्तर खरे द्यावे.

येथे जुन्या फाइलचे महत्त्व कळते. आधी ऑक्सालिप्लॅटिन दिले होते आणि ते संपल्यानंतर थोड्याच महिन्यांत आजार परतला, तर बहुधा इरिनोटेकॅनची जोडी निवडली जाते. बराच काळ गेला असेल तर जुनेच औषध पुन्हा उपयोगी पडू शकते. कोणते औषध, किती वेळा, शेवटची तारीख कोणती, हे लिहिलेला कागद हरवला की डॉक्टरांना अंदाजाने चालावे लागते. पावसात गळणाऱ्या खोलीत राहात असाल तर फाइल प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा आणि प्रत्येक कागदाचा फोटो घरातल्या दोन मोबाइलमध्ये काढून ठेवा.

सर्वांना एकच औषध चालत नाही

सेटुक्सिमॅब नावाचे इंजेक्शन महाग आहे. पण ते कोणाला चालते हे गाठीच्या तुकड्यावरील रास जनुकाच्या तपासणीतून कळते. सुमारे निम्म्या रुग्णांत या जनुकात बदल असतो आणि त्यांना हे औषध लागू पडत नाही. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इतर औषधे संपलेल्या रुग्णांपैकी ज्यांचे केरास जनुक मूळ स्थितीत होते, त्यांचा मध्यक या औषधाने ४.८ वरून ९.५ महिन्यांवर गेला. ज्यांच्यात बदल होता त्यांना काहीही फायदा झाला नाही. शिवाय गाठ मुळात आतड्याच्या डाव्या बाजूला असेल तरच पहिल्या पायरीवर त्याचा चांगला उपयोग होतो. म्हणून तपासणीआधी हे इंजेक्शन विकत घेण्यासाठी कर्ज काढू नये.

दुसरी तपासणी एमएसआय. पसरलेल्या आजाराच्या शंभरातील सुमारे पाच रुग्णांत ती "हाय" निघते. अशा रुग्णांना शरीराचीच प्रतिकारशक्ती जागी करणारे पेम्ब्रोलिझुमॅब चांगले लागू पडते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या औषधाने आजार आटोक्यात राहण्याचा मध्यक १६.५ महिने होता, तर किमोने ८.२. औषध फार महाग आहे, पण तपासणी त्या मानाने स्वस्त आहे. ती झाली आहे का, हे जरूर विचारा. उरलेल्या पंचाण्णव जणांना हे औषध एकट्याने सहसा उपयोगी पडत नाही, हेही तितकेच लक्षात ठेवा.

शेवटच्या पायऱ्या : येथे हिशोब करा

सर्व नेहमीची औषधे वापरून झाल्यावर काही गोळ्या सुचवल्या जातात. रेगोराफेनिबने मध्यक ५ वरून ६.४ महिन्यांवर गेला. ट्रायफ्लुरिडिन-टिपिरॅसिलने ५.३ वरून ७.१ महिन्यांवर, त्याला बेव्हॅसिझुमॅब जोडल्यावर २०२३ च्या अभ्यासात ७.५ वरून १०.८ महिन्यांवर. हा फायदा खरा आहे, पण तो आठवड्या-महिन्यांचा आहे. सोने गहाण ठेवण्याआधी, मुलीची फी थांबवण्याआधी, हा आकडा घरातल्या सर्वांना माहीत असला पाहिजे. आणि रुग्णालाही. निर्णय त्याचा आहे. त्याच्या पाठीमागे कुजबुजून घेतलेला निर्णय त्याचा राहात नाही.

औषध थांबवणे म्हणजे उपचार थांबवणे नव्हे. वेदना कमी करणारे, उलटी-बद्धकोष्ठ सांभाळणारे, झोप देणारे उपचार हे वेगळे शास्त्र आहे. त्याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. मॉर्फिनची गोळी डॉक्टरांच्या देखरेखीत दिली तर माणूस व्यसनी होत नाही. तो शांत झोपतो, मुलांशी बोलतो. हे उपचार शेवटच्या दिवसांसाठी राखून ठेवू नयेत. किमो चालू असतानाही मागावेत.

किमो चालू असताना घरी काय पाहावे?

ताप १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त आला तर रात्र असली तरी दवाखाना गाठा. पांढऱ्या पेशी कमी असताना साधा संसर्गही काही तासांत जिवावर बेततो. क्रोसिन देऊन सकाळची वाट पाहू नका.

ऑक्सालिप्लॅटिननंतर काही दिवस थंड पाणी, बर्फ, फ्रीजला हात लावणे टाळा. घशात आणि बोटांत सुया टोचल्यासारखे होते. पहाटे नळावर पाणी भरण्याचे काम त्या दिवसांत दुसऱ्याने करावे. बोटांचा बधिरपणा पुढच्या किमोपर्यंत टिकत असेल, शर्टाचे बटण लावता येत नसेल, तर डॉक्टरांना सांगा. ऑक्सालिप्लॅटिन काही महिन्यांनी थांबवून बाकीची औषधे चालू ठेवता येतात.

कॅपेसिटाबिनच्या गोळ्या जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत घ्यायच्या. साधारणपणे चौदा दिवस गोळ्या आणि सात दिवस विश्रांती. तळहात-तळपाय लाल होऊन सोलू लागले तर डॉक्टरांना कळवा. दिल्लीच्या एम्स रुग्णालयातील २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात डायक्लोफिनॅक हे साधे जेल तळहात-तळपायांना लावल्याने हा त्रास मध्यम ते तीव्र होण्याचे प्रमाण १५ टक्क्यांवरून सुमारे ४ टक्क्यांवर आले. डॉक्टरांना विचारून ते सुरुवातीपासून वापरता येते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तेही आधी सांगा.

इरिनोटेकॅननंतर जुलाब लागले तर लाजू नका, थांबू नका. दिलेले औषध घ्या, मीठ-साखरेचे पाणी प्या आणि कळवा.

झाडपाला आणि खरे औषध

इरिनोटेकॅनची कथा आपल्या मातीशी जोडलेली आहे. नंदुरबार येथे जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ मनसुख वाणी आणि अमेरिकेतील मन्रो वॉल यांनी १९६६ मध्ये एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य वेगळे केले. आपल्या सह्याद्रीतील नरक्या या झाडातही तेच द्रव्य आहे. त्यासाठी या झाडाची चोरटी तोडही होते. पण मूळ द्रव्य माणसाला दिले तेव्हा त्याने मूत्राशयाला आणि रक्तपेशींना मोठा अपाय केला. ते बदलून, मोजून, तपासून इरिनोटेकॅन तयार करावे लागले. म्हणून कोणी "नरक्याची साल उगाळून द्या, कर्करोगावर तेच औषध आहे" म्हणाले, तर अर्धे खरे आणि अर्धे जीवघेणे आहे हे ओळखा. झाडात विष आणि औषध एकत्र असते; त्यांना वेगळे करते ती मात्रा आणि तपासणी.

एक उपाय मात्र खरोखर फुकट आहे. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ऑपरेशन आणि किमो पूर्ण झालेल्या ८८९ रुग्णांपैकी निम्म्यांना तीन वर्षे नियमित व्यायामाचे मार्गदर्शन दिले. आठ वर्षांनंतर त्या गटातील शंभरातील ९० जिवंत होते, दुसऱ्या गटातील ८३. आठवड्यातून तीन-चार वेळा पाऊण ते एक तास भरभर चालणे, इतकेच त्याचे स्वरूप. डॉक्टरांना विचारून सुरू करा. वस्तीतल्या दोघा-तिघांनी सोबत चाला, म्हणजे खंड पडत नाही.

खर्चाचे काय?

५-एफयू, ल्युकोव्होरिन, कॅपेसिटाबिन, ऑक्सालिप्लॅटिन, इरिनोटेकॅन ही पाचही औषधे देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत आणि जेनेरिक स्वरूपात मिळतात. आयुष्याचा मोठा हिस्सा याच जुन्या औषधांनी मिळतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत नोंदलेल्या रुग्णालयात कर्करोगाचे ऑपरेशन, किमो आणि शेक यांची पॅकेजे आहेत. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन तेथील आरोग्यमित्राला आधी भेटा, पैसे भरल्यानंतर नव्हे. प्रत्येक नवे औषध योजनेत असेलच असे नाही, म्हणून नाव लिहून घेऊन विचारा. परळच्या टाटा रुग्णालयात समाजसेवा विभाग मदतीचे मार्ग सांगतो, रेल्वेच्या सवलतीचा फॉर्मही रुग्णालयातूनच मिळतो, आणि बाहेरगावाहून येणाऱ्यांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी राहण्याची सोय होते.

डॉक्टरांना विचारायचे सहा प्रश्न

कागदावर लिहून न्या. विचारण्यात संकोच नको.

१. आजार नक्की कुठे पुन्हा आला आहे? तुकडा तपासला का?
२. तो ऑपरेशनने काढता येईल का? आज नाही तर किमोनंतर?
३. रास आणि एमएसआय या तपासण्या झाल्या का? निकाल काय?
४. या औषधाचा हेतू काय : बरे करणे, आयुष्य वाढवणे की त्रास कमी करणे?
५. औषध लागू पडते आहे हे कधी आणि कशावरून कळेल? नाही पडले तर केव्हा थांबायचे?
६. हे योजनेत बसते का? जेनेरिक चालेल का?

पाठाची उजळणी

पुन्हा आलेला आजार म्हणजे लगेच शेवट नव्हे. काही जण ऑपरेशनने बरे होतात, अनेकांना औषधांनी वर्षे मिळतात. त्रास नसतानाही तपासणीची तारीख चुकवू नये. महाग औषध म्हणजे चांगले औषध असे नसते. ज्याच्या गाठीला जे लागू तेच त्याचे औषध. आणि शौचातून रक्त पडत असेल, शौचाची सवय बदलली असेल, वजन उतरत असेल, तर "मूळव्याध असेल" म्हणून महिनोन्‌महिने अंगावर काढू नका. सुरुवातीलाच सापडलेला आजार बहुधा एकाच ऑपरेशनने जातो.

हा पाठ घरात मोठ्याने वाचा, आणि ज्या घरात आज गरज आहे तेथे हे पान पोहोचवा.